कचरागाडीवर लावलेली पैज

लो पी-श्याला बसलेलं कुणी पाहिलं असेल तर ते कारखान्यातच. सतराव्या वर्षी ती नान्झच्या निर्यात वसाहतीत कामाला लागली. तिथे बसावंच लागे. डोळ्यांपुढे भिंग, हातात तापलेली सोल्डरिंगची सळई आणि समोरून सरकत येणारे मुंगीएवढे सुटे भाग. आयुष्याच्या वाटणीचं सगळं बसणं तिने तिथेच उरकून टाकलं असावं. कारण त्यानंतर दुरुस्तीचं दुकान चालवलं ते उभ्याने, मुलगा वाढवला तो उभ्याने, आणि त्रेसष्टी उलटली तरी जेवते तीही ओट्याला टेकून, वाडगा हातात धरून. नवऱ्याशी बोलायचं तर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाता जाता. लोक म्हणतात, पी-श्या फार कामसू. कामसू बाई काम संपलं की थांबते. पी-श्या काम संपलं की दुसरं शोधते आणि सापडलं नाही तर चालू असलेलं एखादं यंत्र उघडते.

नवरा को तिएन-फा, सगळ्यांचा आ-फा, अगदी उलट. जन्मभर शहराची बस चालवली. हा माणूस बोलायचा कमी, आणि बोलायचा तेव्हा समोरचा ऐकतोय याची खात्री करून. आता त्यालाच ऐकू येत नव्हतं. श्रवणयंत्र आणलं होतं, ते खणात पडून होतं. "ते लावलं की जगातला सगळा गोंगाट एकाच ताटात वाढतात," असं त्याचं म्हणणं.

दोघं राहत होती चौथ्या मजल्यावर. चारचा आकडा अपशकुनी, म्हणून तरुणपणी घर स्वस्तात मिळालं होतं. लिफ्ट नाही. पण गल्ली चांगली. खाली शेवयांचं दुकान, समोर देऊळ, कोपऱ्यावर ओळखीची माणसं. पी-श्याचं सगळं राज्य त्या गल्लीत होतं. कुणाचा पंखा, कुणाचा भाताचा कुकर, कुणाची स्कूटर, सगळ्यांच्या पोटातलं तिला ठाऊक.

घरात कचरा हे आ-फाचं खातं. संध्याकाळी ती छंदवर्गाला गेलेली असे, त्यामुळे ते त्याच्याकडेच होतं. आमच्या शहरात कचरा जमिनीला टेकवायचा नाही असा दंडक. गाडी धून वाजवत येते, पिशव्या हातात धरून कोपऱ्यावर उभं राहायचं, फेकायचं आणि घरी जायचं. चुकली तर कचरा तुमचा पाहुणा, आणि मध्ये गाडीच्या सुटीचा बुधवार किंवा रविवार आला तर मुक्काम लांबतो. आ-फाला धून ऐकू येईनाशी झाली तेव्हापासून पाहुणे वाढत गेले. थंडीत एकदा तो निघून चाललेल्या गाडीमागे धावला आणि पुढच्या गल्लीच्या तोंडाशी पडला.

नवीन वर्षाला मुलगा शाओ-आन शिनचूहून आला. त्याने बापाचा गुडघा पाहिला, मग गॅलरीत गेला आणि नाक धरून आत आला.

"आई, हे काय आहे?"

"कचरा. तुमच्या शिनचूत होत नाही वाटतं?"

"किती दिवसांचा?"

"त्याला विचार. त्याचं खातं आहे."

आ-फा कलिंगडाच्या बिया सोलत बसला होता. त्याने दोघांकडे पाहिलं आणि आणखी एक बी दातात धरली.

शाओ-आनने मग खिशातला विषय बाहेर काढला. त्सुओयिंगला, वेगवान रेल्वेच्या स्टेशनाजवळ, एका नव्या इमारतीत सहाव्या मजल्यावर एक घर त्याने पाहून ठेवलं होतं. लिफ्ट आहे, पहारेकरी आहे, तळघरात कचऱ्याची खोली आहे, हवं तेव्हा जाऊन टाका. मालक ओळखीचा, चिंगमिंगपर्यंत, म्हणजे एप्रिलमधल्या पितरांच्या सणापर्यंत, थांबायला तयार.

"म्हणजे कचऱ्यासाठी घर बदलायचं?" पी-श्या म्हणाली. ती तेव्हाही उभीच होती, एका हातात फडकं. "उद्या डास चावला तर देश सोडू."

"आई, बाबांना गाडी ऐकू येत नाही. आज गुडघा फुटला, उद्या डोकं फुटेल."

"ऐकू येत नाही एवढंच ना? ते माझ्यावर सोड. चिंगमिंगपर्यंत आपल्या घरची गाडी एकदाही चुकली नाही, तर त्सुओयिंगचं नाव या घरात काढायचं नाही. चुकली तर मी स्वतः सामान बांधते."

"पैज?"

"पैज."

आ-फाला कुणी विचारलं नाही. त्यानेही कुणाला अडवलं नाही.

पी-श्याचा वर्ग म्हणजे वॉर्डातल्या शाळेत संध्याकाळी भरणारा निवृत्तांचा छंदवर्ग. ती शिकायला म्हणून गेली होती, पण दुसऱ्याच महिन्यात शिकवणाऱ्या मुलाने खडू तिच्या हातात दिला. तळहाताच्या निम्म्याएवढा इलेक्ट्रॉनिक बोर्ड घ्यायचा, त्याला तारा जोडायच्या आणि त्याला फोनशी बोलायला लावायचं, हा तिथला उद्योग. एका आजोबांचं ऑर्किड तहान लागली की त्यांच्या फोनवर निरोप पाठवायचं. एका बाईंनी फोनवरून माशांना खाणं घालायची सोय केली होती, त्या तैपेईला लेकीकडे गेल्या की तिथून दिवसाला पाच वेळा घालायच्या, आणि मासे बिचारे फुगून मेले.

पी-श्याने गॅलरीत मायक्रोफोन टांगला. बोर्ड दिवसभर कान लावून बसणार. गाडीच्या धूनचे पहिले सूर आले की ब्लूटूथवरून आ-फाच्या फोनला सांगणार, आणि फोन त्याच्या शर्टाच्या खिशात छातीशी थरथरणार. शहराचं ॲप होतं, त्यात गाडी कुठवर आली ते नकाशावर दिसतं. पण त्यासाठी नकाशाकडे बघत बसावं लागतं, आणि आ-फा खिडकीबाहेर बघणारा माणूस. म्हणून तिने फोनमधलं ॲपही स्वतःच रचलं, रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून, लहान मुलं करतात तसं. पडदाभर एकच बटण: "समजलं". ते दाबेपर्यंत फोन थरथरत राहणार. दाबलं की तो गप्प, आणि बोर्डावरचा लाल दिवा हिरवा. तोच हिरवा ठिपका वर्गात तिच्याही फोनवर उमटणार.

"बटण कशाला?" आ-फाने विचारलं. "थरथरलं की मी जाईनच की."

"निरोप पोचला हे मला नको का कळायला? जन्मभर बसमध्ये घंटी वाजली की तू उतारूला हो म्हणत होतास. आता मला म्हण."

"उतारूला मी हो म्हणत नव्हतो. बस थांबवत होतो."

"तेच ते."

पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. दुसऱ्या मजल्यावरचे फान मास्तर, जन्मभर गणित शिकवलेले, निवृत्तीनंतर पियानो शिकायला लागले होते. पियानो शिकणारा जगात कुठेही असो, पहिल्या वर्षात एक धून त्याच्या बोटांखालून जातेच, आणि नेमकी तीच आमच्या शहराच्या कचरागाडीवर वाजते. मास्तरांनी वाजवायला बसायचं, बोर्डाने ऐकायचं, फोनने थरथरायचं, आणि आ-फाने दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चार मजले उतरायचं. कोपऱ्यावर कुणी नाही. थोडा वेळ उभं राहायचं, मग पिशव्यांसकट पुन्हा वर.

पी-श्याला हे कळलं तेव्हा ती इतकी हसली की तिला कठड्याला धरावं लागलं. मग लगेच कामाला लागली. मास्तर अडखळतात, गाडी अडखळत नाही, हे तिने हेरलं. सूर एका लयीत, न थांबता आले तरच गाडी समजायचं, असं तिने बोर्डाला शिकवलं. दोन आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग पुन्हा आ-फाला फुकटचा हेलपाटा पडला.

ती तडक दुसऱ्या मजल्यावर गेली आणि दार वाजवलं.

"मास्तर, तुम्ही सुधारताय."

फान मास्तरांचा चेहरा उजळला. "खरंच? माझे शिकवणारे म्हणतात..."

"ही माझ्यासाठी वाईट बातमी आहे. जरा वाईट वाजवा."

"अहो पी-श्या, दीड वर्ष लागलं मला त्या एका पानाला!"

"म्हणजे दीड वर्ष वाईट वाजवायचा सराव आहे तुम्हाला. गाडीच्या वेळेला तेवढं आठवा."

"आणि तुमच्या यंत्राला गाडी आणि पियानो वेगळे कळत नाहीत? लोखंडी भोंगा तो!"

"तुम्हाला लाज वाटेल मास्तर, पण नाही कळत. इतके छान वाजवता."

ही तारीफ की टोमणा, हे मास्तरांना ठरवता येईना. शेवटी दुसऱ्या एका रटाळ पानावर तडजोड झाली. गाडीच्या वेळेला मास्तर ते वाजवणार. पी-श्याने वर आणखी एक अट घातली: आवाज हळूहळू वाढत आला तरच गाडी. मास्तरांचा पियानो चालत येत नाही, एका जागी असतो. तेवढ्याने काम झालं.

मार्चभर गाडी एकदाही चुकली नाही. रोज वर्गात तिच्या फोनवर हिरवा ठिपका येई आणि ती तो शेजारच्या बाकांवर फिरवून आणी. "पोचला! चालला माझा ड्रायव्हर!" ऑर्किडवाले आजोबा टाळ्या वाजवत. घरी आल्यावर ती विचारायची, "गेलास ना?" आणि उत्तर येण्याआधी पुढच्या खोलीत असायची. आ-फा थोडा अधिकच गप्प झाला होता, पण तो गप्प असणं ही काही बातमी नव्हती.

चिंगमिंगच्या आदल्या दिवशी शाओ-आन आला. दुसऱ्या दिवशी पितरांची थडगी झाडायला जायचं होतं. वर्गाला सुटी, म्हणून पी-श्या घरीच होती. पातळ पोळीत गुंडाळायला भाज्या चिरून, अंड्याच्या पट्ट्या आणि शेंगदाण्याचं गोड कूट मांडून ती मधूनच गॅलरीत जाऊन बोर्ड बघून येत होती. आजची एक गाडी झाली की पैज संपली.

"आई, बस ना जरा," शाओ-आन म्हणाला.

"गाडी गेली की बसते."

"तू जिंकलीस असं मी आत्ताच म्हणतो, मग तर बसशील?"

"फुकटचं नको. नीट जिंकू दे."

पिशव्या दाराशी बांधून ठेवल्या होत्या. आ-फा खिडकीशी वेताच्या खुर्चीत. लांबून धून यायला लागली. आधी पी-श्याच्या कानाला, मग बोर्डाला. लाल दिवा लुकलुकला. तिने हात पुसले आणि मुलाकडे असं पाहिलं की आता बघ.

लाल दिवा हिरवा झाला. धून जवळ आली. आ-फा उठला नाही.

"आ-फा! गाडी!"

तो खिडकीबाहेर बघत होता.

यंत्र बिघडलं की पी-श्याचं डोकं थंड होतं, हात गरम. ती गॅलरीत धावली. मायक्रोफोनची तार घट्ट आहे. वीज आहे. ब्लूटूथ जोडलेलं आहे. मग फोन? फोनची बॅटरी? ती आत आली, त्याच्या खिशातून फोन उपसला. बॅटरी भरलेली. पडदा शांत. तिने ॲप बंद करून उघडलं, बोर्डाची वायर काढून पुन्हा लावली. खाली गाडी कोपऱ्यावर थांबली होती, लोकांच्या चपलांचा आवाज येत होता.

"आई," शाओ-आन हळूच म्हणाला. "मी नेऊ का पिशव्या?"

"हात लावू नकोस! हे यंत्राचं आहे, आत्ता सापडतं मला."

सापडलं. पण वायरीत नाही. ती बोर्ड हातात घेऊन तशीच थांबली. मघाशी दिवा हिरवा झाला होता. तो आपोआप होत नाही. कुणीतरी बटण दाबल्याशिवाय होत नाही.

ती खुर्चीसमोर आली, त्याला ओठ दिसतील अशी.

"बटण दाबलंस तू?"

"दाबलं."

"मग?"

"मग बसलो."

खाली गाडी निघाली. धून गल्लीच्या दुसऱ्या टोकाला सरकू लागली.

"का?"

"तू आधी बस."

"का म्हणून विचारतेय मी!"

"उभ्या माणसाला मला सांगता येत नाही, पी-श्या. मी सांगेपर्यंत तू स्वयंपाकघरात पोचलेली असतेस. बस."

ती स्टुलाच्या कडेला टेकली. एक पाय दाराकडेच.

"मला लिफ्ट हवीय," आ-फा म्हणाला. "गुडघे संपले. उतरताना कठडा धरतो, चढताना देवाचं नाव घेतो. ऐकू येत नाही त्याचं मला काही नाही, बरंच वाटतं उलट. जिना होत नाही."

"मग नवीन वर्षाला का नाही बोललास?"

"पैज तुम्ही दोघांनी लावलीत. मी बिया खात होतो."

"मार्चभर काय केलंस? रोज तर गेलास!"

"तू हिरवा ठिपका सगळ्या वर्गाला दाखवतेस म्हणालीस. काय बोलणार? म्हटलं, जाऊ या. पण आज शेवटचा दिवस. आज गेलो असतो तर मरेपर्यंत जावं लागलं असतं."

शाओ-आन बापाकडे बघत राहिला. आजवर त्याला वाटत होतं की बाबांना गल्ली सोडवत नाही आणि आपणच त्यांना ओढतोय. 

पी-श्याला राग आला तो कुणाचा, हे तिला लगेच ठरवता आलं नाही. अशा वेळी ती ठरवत बसत नाही. ती उठली, दोन्ही हातांत पिशव्या घेतल्या आणि पायांत सापडतील त्या चपला अडकवून जिना उतरली. देवळाच्या मागून एक बोळ निघतो, गाडी वळसा घालून पुढच्या गल्लीत येईपर्यंत बोळातून पोचता येतं. ती धावली. त्रेसष्टीच्या बाईने धावावं तशी नाही, चोरामागे धावावं तशी.

गाडीवरच्या त्साई बाईंनी तिला लांबूनच पाहिलं. "अगं बाई, आज मालकीणबाई! म्हातारबा कुठायत?"

"बसलाय."

"बसू दे की! मार्चभर सगळ्यांत आधी हजर. मी म्हणायची, आजोबा, एवढं लवकर कशाला, पाय थरथरतायत तुमचे. तर म्हणे, बायकोचा हुकूम."

"असं म्हणाला?"

"हसून म्हणायचे हो. टाका, टाका, मागे लोक आहेत."

पी-श्याने पिशव्या फेकल्या. हात रिकामे झाले. गाडी चुकली नव्हती.

परत येताना मात्र तिचा वेग कमी झाला. दम लागला होता, दुसरं काही नाही, असं तिने स्वतःला सांगितलं. पहिला मजला, मग दुसरा. दुसऱ्याच्या वळणावर भिंतीला लागून एक लाल प्लास्टिकचं स्टूल होतं. तिथून ती दिवसातून दहा वेळा जायची. कुणीतरी टाकलं असेल, उचलायचं राहिलं असेल, एवढंच तिच्या मनात येऊन गेलं असेल, तेही आलं असेल तर. फान मास्तर दारात उभे होते, गडबड ऐकून बाहेर आलेले.

"हे कुणाचं?" तिने स्टुलाकडे बोट दाखवलं.

"माझंच. आ-फासाठी ठेवलंय. रोज वर जाताना इथे बसतात ते. मी दार उघडं ठेवून वाजवतो, ते माझ्या बोटांकडे बघतात." मास्तर थोडे संकोचले. "तुम्हाला माहीत असेल असं मला वाटलं."

"रोज?"

"रोज. कधी कधी बराच वेळ. तिसऱ्यावरही एक ठेवलंय, तिथल्या होंगबाईंनी."

पी-श्याने वरच्या वळणाकडे पाहिलं. ती वर निघाली. तिसऱ्या मजल्यावर खरंच स्टूल होतं, निळं. तिथे ती थांबली. आजूबाजूला कुणी नव्हतं. स्टुलावर बसून पाहिलं तर समोर भिंत, भिंतीवर विजेचे मीटर, आणि वरच्या पायऱ्या बसल्या जागेवरून फार उंच दिसत होत्या. ती फार वेळ बसली नाही. पण बसली.

घरात बापलेक तसेच होते. कुणी पोळीला हात लावला नव्हता. ती आत आली, हात धुतले, आणि ओल्या हातांनीच टेबलाशी खुर्ची ओढून आ-फाच्या समोर बसली.

"गाडी मिळाली," ती म्हणाली. "पुढच्या गल्लीत. म्हणजे चुकली नाही. शाओ-आन, बरोबर?"

"बरोबर."

"पैज कोण जिंकलं?"

"तू."

"ठरलं. आता त्या त्सुओयिंगवाल्याला फोन कर. आम्ही येतोय म्हणून सांग."

शाओ-आन बापाकडे बघायला लागला. आ-फाने ओठ वाचले होते, पण आपण नीट वाचले की नाही याची त्याला खात्री नव्हती.

"काय म्हणाली ती?"

"तुम्ही जाणार, बाबा. लिफ्टच्या घरात."

"हरल्यामुळे?"

"कोण हरलं?" पी-श्या उसळली. "मी जिंकलेय. जिंकलेल्या माणसाला हवं ते करता येतं. मला लिफ्ट हवीय. आणि तू, यापुढे दुखलं तर बटण दाबून गप्प बसायचं नाही. तोंडाने बोलायचं."

"तू बसलेली असलीस तर."

"आत्ता बसलेय ना? बोल की मग. आणखी काय काय आहे?"

आ-फाने विचार केला. मग म्हणाला, "वर्गाच्या गप्पा तू जेवताना सांगतेस, तेव्हा तोंडात घास असतो. मला ओठ वाचता येत नाहीत. महिनाभर ते ऑर्किड जगलं की मेलं, हेच मला कळलेलं नाही."

पी-श्याने पोळीत भाजी घातली, कूट भुरभुरलं, गुंडाळी करून त्याच्या हातात दिली आणि स्वतःसाठी केलेली मात्र ताटात ठेवून दिली.

"जगलं," ती म्हणाली, सावकाश, ओठ पूर्ण उघडून. "पण ती माशांची बाई आहे ना, तिने काय केलं ऐक."